तुमची आहे का सायकल?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्येच भरते. गाड्या तासाभरासाठी बाहेर काढायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि सभा लांबली तर पोहे गार होतील या एकाच धाकावर विषय पुढे सरकतात. यंदा सगळ्यात गाजला तो इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटचा विषय. वायरिंग कुठून न्यायचं, मीटर कुणाच्या नावावर घ्यायचा, ज्यांच्याकडे अशी गाडीच नाही त्यांनी वर्गणी का द्यायची, असं सगळं रीतसर भांडून झालं आणि ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "चला, पर्यावरणाला आपलाही हातभार लागला." मग ऐनवेळच्या विषयांत कुणीतरी उठून म्हणालं, की जिन्याखाली वॉचमनच्या, माळ्याच्या, कामाला येणाऱ्या मावश्यांच्या सायकली लावलेल्या असतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, शिवाय चार्जिंगचं पॅनल तिथेच बसणार आहे, तेव्हा त्या गेटबाहेर लावायला सांगाव्यात. मी म्हटलं, गेटबाहेर म्हणजे फुटपाथवर? आणि चोरीला गेल्या तर? त्यावर सेक्रेटरींनी अगदी सौम्यपणे, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं, "तुमची आहे का सायकल?" नव्हती. "मग झालं तर," असं कुणी म्हणालं नाही. पण पोह्यांवरचं झाकण निघालं होतं आणि सभा उठली.

तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर वर घरी आला.

एके काळी होती की. कॉलेजात असताना काकांनी आणून दिलेली, आधीच दोन हातांखालून गेलेली हिरवी लेडीज सायकल. चेनकव्हर सैल असल्याने ती येण्याआधी तिचा खडखडाट यायचा, आणि आई आवाजावरून चहा टाकायची. डायनामो टायरला टेकवला की पाय जड व्हायचे. चौकात वेग कमी झाला की दिवाही मंद व्हायचा, म्हणजे उजेडाची गरज जास्त तेव्हाच तो कमी. तरी दिवा लागायचाच, कारण विनादिव्याची किंवा डबलसीट सायकल पोलिसाने पकडली तर तो चाकातली हवा सोडून द्यायचा आणि मग घरापर्यंत ढकलत नेण्याची शोभा. हिवाळ्यात लकडी पुलावरून जाताना नदीचा ओलसर, थोडा कुजका वास यायचा. आता त्याच पुलावरून रिक्षाने जाते तेव्हा तो येत नाही. नदी सुधारली असेल असं मात्र वाटत नाही.

सुटीत आम्ही खडकीला मामाकडे जायचो. तिथल्या अॅम्युनिशन फॅक्टरीचा भोंगा झाला की आम्हा मुलांना अंगणातून आत बोलावलं जायचं. पाळी सुटायची आणि फाटकातून सायकली बाहेर पडायच्या. हँडलला डबा, कॅरियरला छत्री, पँटच्या पायाला क्लिप, असे एका मागोमाग एक माणूस. किती तरी वेळ रस्ता ओलांडता यायचा नाही. आज मला आठवतो तो त्या गर्दीचा आवाज. हजारो माणसं एकाच वेळी घरी चालली होती आणि शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. घंट्या, मध्येच कुणाला मारलेली हाक, बाकी रबराची डांबरावरची सळसळ. एवढी माणसं आज एका वेळी सुटली तर सिग्नलला काय होईल, याची कल्पना चांदणी चौकातून जाणाऱ्या कुणालाही करता येईल.

पण याचं गोड चित्र काढायला मी तयार नाही. गोड आठवणी काढणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात असं माझं निरीक्षण आहे. सायकलवरून जाताना मागून सायकलीवरच येणारी टोळकी, ओढणी चाकात जाण्याची धास्ती, पावसात भिजून वर्गात थंडगार बसणं, आणि चढावर उतरून ढकलताना होणारी थट्टा, हेही त्याच हिरव्या सायकलीवरचं आहे. पुढे नोकरी लागल्यावर कर्ज काढून स्कूटी घेतली, तेव्हा पहिल्या दिवशी मी उगाचच कात्रजपर्यंत जाऊन आले. तोंडाला स्कार्फ बांधून गाडी हाकणारी पुण्यातली मुलगी हा चेष्टेचा विषय झाला खरा, पण रात्री नऊला क्लास सुटल्यावर कुणाची वाट न बघता घरी जाता येणं म्हणजे काय, ते त्या स्कार्फच्या आतून बघितल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा पेट्रोलच्या गाडीने शहराचं वाटोळं केलं असं एका वाक्यात मला म्हणता येत नाही. माझं आयुष्य तिने मोठं केलं.

आमच्या घरातली पहिली स्कूटर त्याच्याही आधीची. ती आकुर्डीत तयार व्हायची आणि तरी आकुर्डीला लागून राहणाऱ्या माणसालाही तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मुलगी झाल्यावर नंबर लावला, ती शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आली, अशा कथा त्या काळी घरोघर होत्या. १९७२ साली बाजारात आलेली बजाजची चेतक घराबाहेर उभी राहिली की तिला हार घातला जाई, पेढे वाटले जात आणि सायकल मुकाट्याने जिन्याखाली जाई. कुणी तिला हाकललं नाही. बढती झाली, एवढंच. बढती झालेला माणूस पुन्हा जुन्या टेबलावर बसत नाही, म्हणून मग नंतर ज्यांच्याकडे सायकल उरली त्यांच्याकडे ती बढती न झाल्याची खूण म्हणून उरली. हीच चेतक पुढे बंद झाली आणि २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली, पुन्हा पेढ्यांसकट. जिन्याखालच्या सायकलीला तेवढं कुणी विजेचं नाव देऊन वर आणलं नाही. म्हणजे ई-सायकली आल्या, पण वॉचमनच्या पगारात बसतील अशा नाहीत.

२०१८ मध्ये पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली. छत्तीस लाखांवर वाहनं, पस्तीस लाखांच्या आसपास माणसं. ऑफिसात त्या दिवशी सगळे हसले. तान्ह्या बाळाच्या वाट्यालाही एक गाडी आहे, म्हणून. मला त्यात हसण्यासारखं फार नव्हतं, कारण आमच्या दोघांच्या घरात तेव्हा तीन होत्या आणि प्रत्येक गाडीमागे पटण्यासारखं कारण होतं. शहरही जागच्या जागी राहिलं नव्हतं. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. पेठेतून पेठेत जायला सायकल पुरे. नऱ्ह्यातून खराडीला रोज कामाला जाणाऱ्याला सायकलीचं माहात्म्य सांगणं हा फाजीलपणा आहे. तिथे बस लागते, आणि बसला तिची स्वतःची जागा लागते. ती द्यायचा प्रयत्नही याच शहराने देशात सगळ्यांच्या आधी केला होता. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव लेनमधली बस, धावली. सातारा रस्त्याला बाजूने सायकल ट्रॅकही आखले होते. ते मी पाहिलेत. चांगला पन्नास-शंभर पावलं गेलेला ट्रॅक अचानक विजेच्या डीपीवर जाऊन आपटायचा, आणि तिथून पुढे सायकलस्वाराने काय करावं हे त्या डीपीलाच ठाऊक. नंतर त्यावर हातगाड्या आल्या, मग पार्किंग आलं. नगर रस्त्यावरची बीआरटी तर पुढे उखडली गेली, आणि ती उखडताना विरोधापेक्षा सुटकेचे सुस्कारेच जास्त ऐकू आले. एक बस म्हणजे पन्नास-साठ माणसं, हा हिशोब गाडीच्या काचेआडून दिसत नाही. दिसते ती रिकामी लेन.

२०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच सुमारास मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या. पिवळ्या, नारिंगी, नव्या कोऱ्या. पहिले काही आठवडे लोकांनी त्या हौसेने चालवल्या, फोटो काढले, आजोबांनी नातवांना फिरवलं. मग एकेक आडवी पडलेली दिसायला लागली, कुणाची सीट नाही, कुणाचं चाक वाकलेलं, नदीपात्राच्या रस्त्याकडेला तर दोन-तीन एकमेकींत अडकून. कंपन्या आल्या तशा गेल्या. आपल्या लोकांना शिस्त नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. असेल. पण त्याच शहरात वर्षानुवर्षं गल्लीतल्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकली जात होत्या आणि परत येत होत्या. आम्ही पोरं त्यावरच शिकलो, नळीखालून पाय घालून. दुकानदाराला आमचे वडील माहीत होते, हे त्यातलं कुलूप.

माझी भाची नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असते. तिने पाठवलेल्या व्हिडिओत स्टेशनखालचा सायकलतळ आहे, साडेबारा हजार सायकलींचा, मजल्यावर मजले. "मावशी, इथे बॉसही सायकलवर येतो गं," असं ती तीनदा म्हणते, आणि तिच्या आवाजातलं आश्चर्य सायकलीचं नसून बॉसचं आहे हे मला कळतं. आपल्याकडे हे का होत नाही या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे तो देश सपाट आहे, हवा थंड आहे, लोक शिस्तीचे आहेत. मी थोडं वाचलं तेव्हा वेगळंच निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी आल्या, चौक रुंद झाले, सायकली कडेला गेल्या. १९७१ या एका वर्षात तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मग आयाबाया, शिक्षक, कॉलेजातली पोरं रस्त्यावर उतरली, आणि त्या चळवळीचं नावच होतं 'बालहत्या थांबवा'. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा पडला, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि मोकळ्या हमरस्त्यांवर माणसं चालायला आली. म्हणजे तिथली सायकल पर्यावरणाच्या प्रेमातून आलेलीच नाही. ती रागातून आली. आपल्याकडे रस्त्यात माणूस गेला की राग ट्रकवाल्यावर निघतो, दोन दिवस रास्ता रोको होतो, गतिरोधक घालतात, आणि रस्त्याची रुंदी कुणी विचारत नाही. विचारलीच तर ती वाढवून मिळते.

टेकडीच्या बाबतीत मात्र पुणेकर रागावले होते. वेताळ टेकडीतून रस्ता काढायच्या बेताविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये उन्हातान्हात माणसं चालत निघाली. मीही होते. घोषणा देऊन घसा बसला. परत जाताना गाड्या शोधायला आमची धावपळ, कारण ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने लावली होती. माझ्या मैत्रिणीची स्कूटर सापडेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो, मग हसू थांबलं.

चार्जिंग पॉइंटला माझा विरोध नाही, हे सांगायला हवं, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकेल. चौकात उभं राहिल्यावर नाकातोंडात जो धूर जातो तो बॅटरीच्या गाडीतून येत नाही, आणि चौकात उभं राहणाऱ्याच्या, विशेषतः तिथेच दिवसभर गजरे विकणाऱ्याच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र रात्रंदिवस ती बनवतं आणि राख तिथल्या छपरांवर पडते. म्हणजे कोथरूडच्या गाडीचा थोडा धूर चंद्रपूरला पाठवायची सोय झाली. पुढे सौर वीज वाढेल, हेही कमी होईल, ते मी धरून चालते. पण विजेवरची मोटार रस्त्यावर जागा पेट्रोलच्या मोटारीएवढीच अडवते. तिच्यात माणूसही तेवढाच असतो, बहुतेकदा एक. ती सिग्नलला उभी असताना मागची बस तेवढीच खोळंबते. आणि पार्किंगमध्ये तिच्या एका चौकटीत दहाएक सायकली सहज उभ्या राहिल्या असत्या. हे गणित सभेत मांडायचं माझ्या मनात होतं, पण तोवर मला माझी मालमत्ता विचारली गेली होती.

आमचे वॉचमन लातूरकडचे. शिवण्यात राहतात, ड्यूटी बारा तासांची. सभेनंतर दोन दिवसांनी मी त्यांना विचारलं, सायकल कुठे लावता आता? "त्या चहाच्या टपरीमागं. साखळी घातलीय झाडाला." बसने का येत नाही, असंही विचारलं. ते म्हणाले, "माझी ड्यूटी कवा सुटंल ते दुसरा वॉचमन यायच्या टायमावर हाय. सायकल माझ्या टायमाला निघती." यात ग्रीन वगैरे काही नव्हतं. पगार, अंतर आणि दुसऱ्या वॉचमनची बेभरवशाची वेळ, यातून निघालेलं ते उत्तर होतं. त्यांना उद्या स्कूटर परवडली तर ते सायकलकडे वळूनही बघणार नाहीत, आणि का बघावं? मी बघितलं नव्हतं. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ते आज जसे जगतात, ते जगणं त्यांच्या नावावर कुठेच जमा होत नाही. कमी पेट्रोल, कमी वीज, कमी कचरा यांची बक्षिसं वाटायची वेळ आली तर ती विकत घेतल्याच्या पावत्या बघून वाटली जातात.

कचऱ्याचंही तेच. सकाळी आमच्याकडे ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताई ओला-सुका घेऊन जातात. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि आज दारातून कचरा उचलणाऱ्या बायकांच्या गळ्यात ओळखपत्र दिसतं ते त्या धडपडीमुळे. या ताईंना कशाला किती भाव हे तोंडपाठ असतं. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, तो वाया जातो, असं त्यांनी मला शिकवलं. थर्मोकोल बघितल्यावर त्यांचा चेहरा उतरतो, कारण त्याला कुणी विचारत नाही. बिस्किटांचे, वेफर्सचे चकचकीत पुडेही तसेच. आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, त्याची पाटी आहे, पाटीवर पानाचं चित्र आहे. पण सुका कचरा निवडायला बसण्यापुरती जागा त्यांना आत मिळालेली नाही. वास येतो, माशा होतात, पाहुणे येतात. त्या गेटबाहेर फुटपाथवर पोतं अंथरून निवडत बसतात, आणि आता त्यांच्या शेजारी झाडाला साखळीने बांधलेल्या सायकली असतात.

या सगळ्यात मी कुठे बसते, ते मला नीटसं सांगता येत नाही. वनाझ ते गरवारे मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हापासून गावात जायला मी शक्यतो तीच घेते, आणि मला ती मनापासून आवडते. तिच्यातून नदी वरून दिसते, मागच्या खिडक्यांमधली वाळत घातलेली धुणी दिसतात, आपलं शहर आपल्याला न सांगता केवढं झालंय ते दिसतं. पण घरापासून स्टेशनपर्यंतचं जे अंतर आहे ते चालायला उन्हात नकोसं, रिक्षाला कमी, आणि फुटपाथवर तर काय काय आहे. मग मी स्कूटरने स्टेशनला जाते आणि तिथे लावायला जागा शोधते. दोन किलोमीटरचा पेट्रोलचा धूर करून हरित प्रवासाला सुरुवात. तिथूनच सायकल घ्यायचा विचार डोक्यात आला, की सेक्रेटरींच्या प्रश्नातून, कोण जाणे. दोन्हीतलं कारण काही फार उदात्त नाही.

आधी मोठ्या दुकानात गेले. गार हवा, काचा, भिंतीवर टांगलेल्या सायकली. मुलगा चांगला होता, त्याने एकवीस गिअर, अॅलॉय, डिस्क ब्रेक सगळं समजावलं. मी विचारलं, कॅरियर? तो म्हणाला, याला कॅरियर येत नाही मॅडम. मडगार्ड? ते वेगळं घ्यावं लागेल. स्टँड? तोही. चेनकव्हर नाहीच. म्हणजे भाजी ठेवायची नाही, पावसात न्यायची नाही, साडी किंवा सलवार घालून बसायचं नाही, आणि कुठे पोचल्यावर ती उभी करायची नाही. रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला जायचं, घाम गाळायचा आणि घरी आणून पुन्हा टांगायची, यासाठी ती उत्तम होती. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल ठेवलेली आहे. विमानातून उडी मारतानाही सोबत नेता येईल अशी. तिचं काम काय, हे बघताक्षणी कळतं. या दुकानातल्या सायकलीचं काम मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याच्या टपरीत रबर सोल्युशनचा वास असतो, पाण्याचं काळं पडलेलं घमेलं असतं, आणि छताला जुनी चाकं टांगलेली असतात. पोरं आपल्या गिअरच्या सायकली घेऊन येतात, त्यांच्या चाकाचा आउट काढायचे तो तीनशे रुपये सांगतो. वॉचमनच्या सायकलीला पन्नास. मी दोन्ही भाव ऐकले आणि हे कसं, म्हणून विचारलं. "त्यांची रविवारची, याची रोजची," एवढंच म्हणून तो पान्ह्याने काहीतरी आवळत राहिला. मग मीच विचारलं, माझ्यासाठी एखादी लेडीज सायकल आहे का, कॅरियरवाली. मागे अंधारात एक होती, निळी, घासून ठीक होण्यासारखी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालवणार कुठं?" मेट्रोपर्यंत, भाजीला. "सकाळी सातच्या आत जावा मग, नायतर बसवाले बघत नाहीत." किती द्यायचे? साडेतीन हजार, ओव्हरऑइलिंग करून, नवे टायर-ट्यूब टाकून. मी अडीच म्हटलं, सवयीने. तो हसला आणि निळीच्या हँडलवरची घंटा एकदा वाजवून दाखवली.

"अडीचमध्ये देतो की मॅडम. घंटा राहील, ब्रेक काढून घेतो."